एकदा पिंप उघडलं की तीन दिवस

इंग्लंडच्या बर्कशर परगण्यात ऑल्डवर्थ नावाचं एक खेडं आहे. जवळून रिजवे ही हजारो वर्षं जुनी पायवाट जाते. गावच्या चर्चमध्ये चौदाव्या शतकातल्या एका सरदार घराण्याच्या नऊ अवाढव्य दगडी मूर्ती आहेत. पण बिअरच्या शौकिनांत या गावाचं नाव आहे ते ‘द बेल इन’ या पबमुळे. दोनशेहून जास्त वर्षं हा पब एकाच कुटुंबाकडे आहे. आत गेल्यावर बार काउंटर दिसत नाही. काचेच्या तावदानांची एक खिडकी असते आणि तिच्यातून ग्लास हातात येतो. खायला गरम, कुरकुरीत पाव आणि त्यात भरलेलं काहीबाही. एवढ्या साध्या ऐवजावर या पबला १९९० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये देशातला सर्वोत्तम पब ठरवण्यात आलं. तो मान देते ‘कॅम्रा’, म्हणजे रिअल एलसाठी, पिंपातच मुरणाऱ्या पारंपरिक इंग्रजी बिअरसाठी, मोहीम चालवणारी ग्राहकांची संघटना. तिचे सभासद लाखाच्या वर आहेत.

इंग्रजी खेड्यातला पब म्हटलं की लाकडी तुळया, पेटलेली शेकोटी, टेबलाखाली झोपलेला कुत्रा असं चित्र डोळ्यांसमोर येतं. ते खोटंही नाही. पण अशा पबचं नाव ज्या कामामुळे होतं, ते गिऱ्हाइकाला दिसतच नाही. ते चालतं तळघरात. त्या तळघरातला हिशेब समजला की वरच्या मजल्यावर मिळणारं स्वागतसुद्धा वेगळं दिसू लागतं, म्हणून आधी तळघर.

त्याआधी बिअरबद्दल थोडं. बिअरची ढोबळमानाने दोन घराणी आहेत, लागर आणि एल. लागरचं यीस्ट थंडीत, सावकाश काम करतं. एलचं यीस्ट थोड्या उबेत आणि झटपट. आपल्याकडे बाटलीत मिळणारी नेहमीची बिअर जवळपास सगळी लागर असते. हॉप्स या वेलीच्या फुलांच्या कडूपणामुळे ‘बिटर’ म्हणतात ती, गडद आणि सौम्य ‘माइल्ड’, काळी ‘पोर्टर’ आणि ‘स्टाउट’ ही सगळी एलची भावंडं. पण एल असली म्हणजे ती ‘रिअल एल’ झाली असं नाही. तो दर्जा बिअरच्या प्रकारावर ठरत नाही, ती कुठे आणि कशी तयार झाली यावर ठरतो.

नियम थोडक्यात असा: ज्या पिंपातून बिअर ग्लासात ओतली जाते त्याच पिंपात ती दुसऱ्यांदा आंबली पाहिजे, आणि ती बाहेर काढायला बाहेरून कार्बन डायऑक्साइडचा दाब देता कामा नये. म्हणजे ब्रुअरीतून पिंप निघतं तेव्हा आत यीस्ट जिवंत असतं, थोडी साखर शिल्लक असते आणि बिअर अर्धवट झालेली असते. ज्यांनी कोकणात ताजी माडी प्यायली आहे त्यांना हे पटकन कळेल. सकाळी उतरवलेली गोडसर माडी दुपारपर्यंत आंबूस होते, चढायला लागते, कारण मडक्यात काम चालूच असतं. एलच्या बाबतीत ते काम बंद पिंपात, थंड तळघरात, हळूहळू होतं आणि ग्लास भरायला कधी सुरुवात करायची हे एक माणूस ठरवतो. तो माणूस म्हणजे पबचा लँडलॉर्ड (पब चालवणारा, मग जागा त्याची असो वा भाड्याची) किंवा त्याने नेमलेला तळघर सांभाळणारा.

याउलट ‘केग’ बिअर ब्रुअरीतून पूर्ण होऊन निघते. ती गाळलेली असते, बहुतेक वेळा पाश्चराइज केलेली असते, म्हणजे यीस्टचा कारभार आटोपलेला. स्टीलच्या बंद डब्यातून वायूच्या दाबाने ती वर ढकलली जाते. पबवाल्याने फक्त नळी जोडायची. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाल्यापासून आपल्याकडे मायक्रोब्रुअरीचं पीक आलं. तिथली बिअर ताजी असते, कित्येकदा न गाळलेलीही असते, पण टाकीतून वायूच्या दाबावर येते. चवीला ती उत्तम असू शकते, तरी इंग्रज शौकीन तिला रिअल एल म्हणणार नाही.

आता तळघरात उतरू. नेहमीचं पिंप ‘फर्किन’ नावाचं, ९ गॅलनचं, म्हणजे सुमारे ४१ लिटर. त्याच्या दुप्पट ‘किल्डरकिन’, निम्मं ‘पिन’. ही जुनी नावं अजून बिनदिक्कत वापरात आहेत. पूर्वी पिंपं लाकडाची असत, आता बहुतेक स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची. मात्र मधला फुगीर भाग तसाच ठेवलेला आहे, कारण गाळ बसायला ती जागा लागते. पिंप आलं की ते आडवं करून घोडीवर ठेवतात, दोन्ही बाजूंनी पाचरी मारतात आणि मग त्याला अजिबात धक्का लावायचा नाही. पोटाच्या वरच्या बाजूला एक भोक असतं, त्यात ‘शाइव्ह’ नावाचं बूच. पुढच्या तोंडाला दुसरं छोटं बूच असतं, त्यात पुढे तोटी बसते.

शाइव्हच्या मधोमध हातोडीने ‘स्पाइल’ नावाची छोटी लाकडी खुंटी ठोकतात. आधी ठोकायची ती मऊ, सच्छिद्र लाकडाची. तिच्यातून आत साठलेला जादा वायू फसफसत बाहेर येतो, फेसही येतो. फेस पुसायचा, वाट बघायची. कधी काही तासांत फसफस थांबते, कधी एक-दोन दिवस लागतात. हे पिंपावर, हवामानावर, प्रवासात बिअर किती हिंदकळली यावर अवलंबून असतं आणि घड्याळ लावून सांगता येत नाही. फसफस मंदावली की मऊ खुंटी काढून कठीण लाकडाची ठोकायची, म्हणजे उरलेला वायू आतच राहतो आणि बिअरमध्ये मुरतो. इथे घाई केली तर बिअर हिरवट, कच्ची लागते. उशीर केला तर मेल्यासारखी चपटी. जाहिरातीत ‘अनुभवी हात’ वगैरे म्हणतात त्याचा प्रत्यक्ष अर्थ ही मऊ आणि कठीण खुंटीची अदलाबदल. मग एका फटक्यात लाकडी हातोड्याने तोटी बसवायची, थोडी बिअर काढून उजेडात धरायची, वास घ्यायचा, चाखायची. स्वच्छ दिसली आणि चव जुळून आली, तरच तिला वर जायची परवानगी.

गाळ खाली बसण्यासाठी बहुतेक ब्रुअरी पिंपात ‘आयसिंग्लास’ घालतात. हा पदार्थ माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढतात. यीस्टच्या कणांना तो चिकटतो आणि सगळं ओझं घेऊन तळाला बसतो. पूर्वी त्यासाठी रशियातून महागडी स्टर्जन माशाची पिशवी येई. १७९५ मध्ये विल्यम मर्डॉक या स्कॉटिश संशोधकाने कॉड माशापासून स्वस्त पर्याय काढला. आपल्याकडे पालघर-सातपाटीच्या कोळ्यांना याचं नवल वाटणार नाही. घोळ माशाला जो सोन्याचा भाव मिळतो तो मांसापेक्षा त्याच्या पोटातल्या याच पिशवीसाठी, आणि औषधांबरोबरच मद्य स्वच्छ करायलाही ती वापरली जाते. ग्लासात मासा जवळजवळ उरत नाही, तो गाळाबरोबर तळाला राहतो. तरी जे काटेकोर शाकाहारी आहेत त्यांनी विचारून घ्यावं. हल्ली आयसिंग्लास न घातलेल्या, किंचित गढूळ एलही मिळतात आणि पंपावर तसं लिहिलेलं असतं.

तळघराचं तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस. ‘इंग्रज कोमट बिअर पितात’ ही थट्टा इथूनच आली. १२ अंश म्हणजे कोमट नव्हे, महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या पहाटेइतकं थंड. फ्रीजमधल्या ४-५ अंशांच्या लागरपुढे ते उबदार वाटतं एवढंच. फार गार केलं की जीभ बधिर होते. मग माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा गोडवा, हॉप्सचा वास यातलं काही कळत नाही. लागरला ते चालतं, कारण तिच्याकडून आपल्याला मुख्यतः गारवाच हवा असतो. (लागरवाल्यांनी रागावू नये, चांगली लागर वेगळी असते हे मान्य.) दुसरी तक्रार ‘बुडबुडेच नाहीत’ ही. रिअल एलमध्ये विरघळलेला वायू लागरच्या निम्म्याहून कमी असतो. तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो, पण अजिबात नसेल तर मात्र पिंप म्हातारं झालंय असं समजावं.

बिअर वर येते ती हातपंपाने. काउंटरवरचा तो लांब दांडा पुढे ओढला की खालच्या सिलिंडरमधला दट्ट्या सरकतो आणि तळघरातून बिअर खेचली जाते. दाब नाही, वायू नाही. १७९७ मध्ये जोसेफ ब्रामा या कुलपांसाठी प्रसिद्ध असलेल्या कारागिराने अशा यंत्राचं पेटंट घेतलं होतं. ‘द बेल’सारख्या ठिकाणी हातपंपही आहेत, पण काही जुन्या पबमध्ये आजही मागच्या खोलीतल्या पिंपाच्या तोटीखाली थेट ग्लास धरतात. पंपाच्या तोंडाला ‘स्पार्कलर’ नावाची बारीक भोकांची टोपी लावावी की नाही यावरून उत्तर आणि दक्षिण इंग्लंडमध्ये वाद आहे. उत्तरेतल्या यॉर्कशरमध्ये टोपीशिवाय पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास) दिला तर भांडण होईल, कारण त्यांना साईसारखा दाट फेस हवा. दक्षिणेत म्हणतात की टोपीने बिअरचा जीव जातो आणि फेसाच्या जागी बिअर मिळाली असती. माझं मत दक्षिणेकडे झुकतं, पण ते यॉर्कशरमधल्या लीड्समध्ये बोलून दाखवणार नाही.

आता तो हिशेब. पंप ओढला की पिंपातून बिअर जाते आणि तिची जागा हवा घेते. हवा म्हणजे ऑक्सिजन, आणि ऑक्सिजन लागला की बिअरची चव उतरू लागते, शेवटी आंबट व्हिनेगरकडे जाते. म्हणून पिंप उघडलं की ते साधारण तीन दिवसांत संपलं पाहिजे. रात्री कठीण खुंटी ठोकून ठेवली तरी फार तर थोडी मुदत वाढते. एका फर्किनमध्ये ७२ पाइंट असतात. तळाच्या गाळात काही जातात. समजा पबमध्ये पाच हातपंप आहेत. म्हणजे पाच पिंपं, तीन दिवस, ३६० पाइंट. रोजचे १२०. आणि गाव किती वस्तीचं? तीनशे-चारशे माणसांचं. त्यात लहान मुलं, न पिणारे, गाडी चालवणारे. केगवाल्याला ही चिंता नाही. त्याचा डबा कितीतरी जास्त दिवस टिकतो, गिऱ्हाईक आलं नाही तर तो दिवा मालवून झोपतो.

खेड्यातल्या रिअल एल पबचं अगत्य इथून येतं. चिखलाचे बूट घालून रिजवेवरून उतरलेल्या पदयात्रींना आत घेणं, कुत्र्याला पाण्याचा वाडगा ठेवणं, मंगळवारी डार्ट्सची लीग, गुरुवारी प्रश्नमंजूषा, उन्हाळ्यात मागच्या शेतात बिअर महोत्सव, अनोळखी माणसाशी लँडलॉर्डने स्वतःहून बोलणं, यात माणुसकी असतेच, पण ७२ पाइंटही असतात. सायकलवाल्यांचा एक गट नाराज होऊन गेला तर सोमवारची बिअर खराब होते, आणि सोमवारी खराब बिअर मिळालेला माणूस पुढच्या शनिवारी येत नाही. चक्र उलटं फिरायला लागलं की लँडलॉर्डला पंप कमी करावे लागतात, आणि काही वर्षांनी तिथे फक्त लागरचे नळ उरतात. म्हणून शहाणा पबवाला गर्दीच्या अंदाजाने पंप उघडतो. जानेवारीत दोन, ऑगस्टमध्ये सहा. बारा पंप एका रांगेत दिसले आणि पबमध्ये चार माणसं असली, तर मी तरी लागर मागवीन.

हवेऐवजी रिकाम्या जागेत साध्या वातावरणाच्या दाबाचा कार्बन डायऑक्साइड सोडणारं ‘कास्क ब्रीदर’ नावाचं छोटं उपकरण आहे. त्याने पिंप बरेच दिवस जास्त टिकतं. छोट्या गावातल्या पबसाठी हे वरदानच. पण ‘बाहेरचा वायू नको’ या सोवळ्यापायी कॅम्राने अनेक वर्षं त्याला विरोध केला आणि २०१८ मध्ये कुठे तो मागे घेतला. तोपर्यंत गरीब पबवाल्याने बिअर ओतून द्यावी पण विटाळ होऊ देऊ नये, असा काहीसा प्रकार होता.

तरीही कॅम्रा नसती तर आज लिहायला विषयच उरला नसता. १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या ब्रुअरी एकमेकींना गिळत गेल्या आणि सहा बड्या कंपन्या उरल्या. त्यांना केग सोयीची होती: कुशल माणूस नको, नासाडी नाही, देशभर एकच चव. वॉटनी कंपनीची ‘रेड बॅरल’ हे त्याचं ठळक उदाहरण. १९७१ मध्ये चार तरुण इंग्रज आयर्लंडच्या केरी भागात सुट्टीवर असताना एका पबमध्ये बसले आणि त्यांनी या मोहिमेची स्थापना केली. काही वर्षांत त्यांची ‘गुड बिअर गाइड’ नावाची पुस्तिका निघाली. १९७४ च्या आवृत्तीत वॉटनीच्या बिअरपुढे ‘प्लेगसारखी टाळा’ असा शेरा होता. छापणाऱ्या कंपनीला घाम फुटला आणि तो बदलून ‘काहीही करून टाळा’ असा करण्यात आला. म्हणजे सौम्य केलं म्हणे.

खरी मेख मात्र मालकीत होती. ब्रिटनमधले बहुसंख्य पब ब्रुअरींच्याच मालकीचे असत आणि भाडेकरू लँडलॉर्डला त्या ब्रुअरीचीच बिअर विकावी लागे. याला ‘टाय’ म्हणतात, आणि ज्या पबवर असं बंधन नाही त्याच्या पाटीवर ‘फ्री हाउस’ लिहिलेलं असतं. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८९ मध्ये ‘बिअर ऑर्डर्स’ काढून दोन हजारांहून जास्त पब असलेल्या ब्रुअरींवर मर्यादा घातली आणि भाडेकरूला बाहेरची एक पिंपातली एल ठेवायचा हक्क दिला. हेतू चांगला होता. झालं असं की ब्रुअरींनी पब विकले आणि ते घेतले मालमत्तेत पैसा गुंतवणाऱ्या नव्या कंपन्यांनी. त्यांनी बंधन तसंच ठेवलं, फक्त ब्रुअरीच्या जागी कर्जाचे हप्ते भरणारा मालक आला. छोट्या ब्रुअरींना खरा हात मिळाला तो २००२ मध्ये, जेव्हा गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना त्यांचं उत्पादनशुल्क निम्म्यावर आणलं गेलं. आज गावच्या पबमध्ये वीस मैलांवरच्या शेडमध्ये बनलेली एल मिळते, त्याचं मोठं श्रेय या करसवलतीला आहे.

खेड्यातले पब बंद पडायला बाकी कारणंही आहेत. १९६७ मध्ये दारू पिऊन गाडी चालवण्यावर रक्तातल्या प्रमाणाची मर्यादा आली. इंग्लंडमध्ये ती १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे ३० आहे, म्हणजे त्यांची सवलत बरीच मोठी; तरी जिथे संध्याकाळी बसच नाही तिथे फरक पडलाच. २००७ मध्ये पबच्या आत धूम्रपान बंद झालं. सुपरमार्केटमध्ये बिअर स्वस्त. आणि जुनी देखणी इमारत पब म्हणून चालवण्यापेक्षा बंगला म्हणून विकली तर पैसे जास्त. काही गावांनी त्यावर उपाय काढला. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावात लोकांनी आधी १९९९ मध्ये तिथली छोटी ब्रुअरी सहकारी तत्त्वावर घेतली आणि २००३ मध्ये ‘ओल्ड क्राउन’ हा पबही. ब्रिटनमधला तो पहिला सहकारी पब मानतात. साखर कारखाने आणि दूधसंघांच्या मुलखातल्या माणसाला यात नवं एवढंच, की इथे सभासदाला लाभांश बहुधा गप्पांच्या स्वरूपात मिळतो.

मुंबईचाही या बिअरशी जुना संबंध आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसन ब्रुअरीची फिकट एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला येई. हॉजसनने हा प्रकार शोधून काढला ही दंतकथा आहे. त्याआधीही बिअर येत होती आणि गोऱ्या सैनिकांच्या बराकीत तर काळी पोर्टर जास्त चाले. त्याच्या फायद्याचं एवढंच होतं की त्याची ब्रुअरी जहाजांच्या धक्क्याजवळ होती आणि तो कप्तानांना लांब मुदतीची उधारी देई. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी असलेल्या केपला वळसा घालून येणाऱ्या अनेक महिन्यांच्या प्रवासात, दोनदा विषुववृत्त ओलांडताना पिंपातलं यीस्ट काम करत राही आणि इथे पोहोचेपर्यंत बिअर मुरलेली असे. पुढे बर्टन गावच्या ब्रुअरींनी हा बाजार जिंकला, कारण तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर आहे आणि त्याने हॉप्सचा कडूपणा खुलतो. ‘इंडिया पेल एल’ ती हीच. आज इंग्लंडच्या गावातल्या पबमध्ये आयपीए मागितली तर कधी साडेतीन टक्क्यांच्या आसपासची साधी बिटर मिळते, तर कधी सात टक्क्यांची अमेरिकन वळणाची. पाटीवरचा आकडा वाचून मगच मागवावी.

रेडिंग-स्लाउ भागात राहणाऱ्या किंवा पोरांना भेटायला जाणाऱ्या मराठी मंडळींना ऑल्डवर्थसारखी गावं फार दूर नाहीत. टेबलापाशी बसून वेटरची वाट बघू नका, कोणी येणार नाही. उठून स्वतः मागायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नसली तरी असते, आपल्या आधी कोण आलं हे सगळ्यांना माहीत असतं. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, नवख्याने अर्धा मागावा, त्यात कमीपणा नाही. दोन घोट चाखायला मागितले तर बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. काय घ्यावं कळत नसेल तर ‘आज कुठली चांगली आहे?’ असं विचारा. आज कुठलं पिंप ऐन भरात आहे हे त्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. ग्लास गढूळ निघाला किंवा व्हिनेगरचा वास आला तर संकोच न करता परत न्या, पण तीन चतुर्थांश पिऊन झाल्यावर नव्हे. चांगला लँडलॉर्ड वाद घालत नाही. तो ग्लास उजेडात धरतो, हुंगतो, दुसरी भरून देतो आणि त्या पंपावरची पाटी उलटी फिरवतो. पाटी उलटी दिसली की ती बिअर सध्या मिळणार नाही. खाली दुसरं पिंप तयार आहे का ते विचारा. ‘उद्या दुपारपर्यंत’ असं उत्तर आलं तर शेजारच्या पंपावरची घ्या.